भोपळ्याचा वेल आणि आग्या मोहोळ

परसात किंवा कुंपणावर चढलेला तांबड्या भोपळ्याचा वेल तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एखाद्या दिवशी पहाटे उठून त्या वेलाजवळ जाऊन बसावे. सूर्योदयाच्या सुमारास त्याची पेल्यासारखी मोठी, पिवळीधमक फुले उमलतात आणि दुपार होण्याच्या आतच ती मिटूनही जातात. वरवर पाहता ही सारी फुले एकसारखी दिसतात. परंतु जरा वाकून पाकळ्यांच्या खाली पाहिले, म्हणजे त्यांत दोन प्रकार आहेत हे ध्यानात येते. काही फुले लांब, सडपातळ देठावर उभी असतात. दुसऱ्या काहींच्या पाकळ्यांखाली सुपारीएवढा हिरवा गोळा असतो. हा गोळा म्हणजे होऊ घातलेला भोपळाच होय. पहिले नरफूल आणि दुसरे मादीफूल.

नरफुलात पिवळी भुकटी असते. तिला पराग म्हणतात. हे पराग मादीफुलाच्या मध्यभागी असलेल्या कुक्षीवर जाऊन पडले, तरच खालचा गोळा वाढीस लागतो. न पडले तर तो दोन-चार दिवसांत पिवळा पडून गळून जातो. वेलाला तर आपली जागा सोडता येत नाही. वाऱ्याने हे काम करावे, तर भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असल्यामुळे ते वाऱ्यावर उडत नाहीत. शिवाय अवधी किती? उमलल्यापासून मिटेपर्यंतचे चार-पाच तास! तेवढ्या वेळात कोणीतरी नरफुलात शिरून, अंगाला पराग माखून घेऊन, मादीफुलात गेले पाहिजे. हे काम मुख्यतः मधमाश्या करतात.

आपण हे काम करीत आहोत, याची मधमाशीला वार्ताही नसते. ती येते आपल्या पोटासाठी. फुलाच्या तळाशी असलेला गोड मकरंद आणि फुलातील पराग हेच तिचे आणि तिच्या पिलांचे अन्न. तिच्या सर्वांगावर बारीक, फाटे फुटलेले केस असतात. त्यांत पराग अडकून बसतात. उडता उडता ती पायांनी अंग विंचरते, ते पराग गोळा करते आणि मागच्या पायांवर असलेल्या खोलगट जागेत दाबून भरते. या जागेला परागाची परडी म्हणतात. फुलावरून उठलेल्या माशीच्या मागच्या पायांना पिवळे किंवा नारिंगी गोळे चिकटलेले दिसतात, ती ही भरलेली परडी. कितीही विंचरले तरी थोडे पराग अंगावर राहून जातातच, आणि त्या राहिलेल्या परागांवर आपला भोपळा अवलंबून असतो.

फुलांवर फुलपाखरे येतात, माश्या येतात, भुंगे येतात. मग मधमाशीचेच एवढे महत्त्व का? याचे एक कारण तिच्या स्वभावात आहे. ती एका खेपेत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते. भोपळ्यावर निघाली म्हणजे वाटेत झेंडू दिसला, तरी तिकडे वळत नाही. भोपळ्याचे पराग झेंडूवर टाकून कोणाचेच कार्य व्हावयाचे नाही, हे उघड आहे. दुसरे कारण म्हणजे मधमाश्यांची संख्या. पोळ्यातील हजारो कामकरी माश्या दिवसभर खेपा घालीत असतात. काकडीसारख्या फळाचे एकदोन खेपांनी भागत नाही. पुरेसे पराग मिळाले नाहीत, तर काकडी एका बाजूने बारीक राहते किंवा वाकडी होते. मंडईत अशी वाकडी काकडी दिसली, म्हणजे तिच्या फुलावर माश्या कमी फिरकल्या असाव्यात, असा तर्क करण्यास हरकत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मधमाश्या नाहीशा झाल्या तर चार वर्षांत मनुष्यजातही नाहीशी होईल, असे एक वाक्य एका थोर शास्त्रज्ञाच्या नावावर सांगितले जाते. त्याने तसे म्हटल्याचा पुरावा मिळत नाही, आणि ते खरेही नाही. भात, गहू, ज्वारी, बाजरी ही पिके मधमाश्यांवाचूनही येतील. भाकरी मिळेल, परंतु भाकरीबरोबर जे लागते त्याचे काय? काकडी, कारले, दोडका, भोपळा, कलिंगड, सूर्यफूल, कारळे, मोहरी, डाळिंब, स्ट्रॉबेरी या सर्वांना मधमाश्या व इतर कीटक यांचे कमीअधिक साहाय्य लागते. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पिके थोड्याफार प्रमाणात परागवाहक प्राण्यांवर अवलंबून आहेत. सर्व पिकांच्या एकूण उत्पादनात या पिकांचा वाटा सुमारे एक-तृतीयांश भरतो. वांगी आणि टोमॅटो यांची गंमत निराळी आहे. त्यांच्या फुलांतील पराग बाहेर पडण्यास फूल जोराने थरथरवावे लागते. ही कला आपल्या मधमाशीला अवगत नाही. ती काळ्या भुंग्याला आणि काही एकट्या राहणाऱ्या माश्यांना साधते. म्हणून भुंग्यालाही आपण मानाने वागविले पाहिजे.

कांद्याचे उदाहरण तर आपल्या घरचेच म्हणावयाचे. कांदा जमिनीखाली वाढतो, त्याला फुलाशी काय कर्तव्य, असे तुम्हास वाटेल. पण कांद्याचे बी कोठून येते? बियाण्यासाठी निवडलेले कांदे शेतकरी पुन्हा जमिनीत लावतो. थंडीत त्यांना डेंगळे फुटतात आणि त्यांच्या टोकांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे येतात. या फुलांतील पराग आधी पिकून जातात आणि त्याच फुलाची कुक्षी मागाहून तयार होते. म्हणून एका फुलाचे पराग दुसऱ्यावर कोणीतरी नेऊन पोचविलेच पाहिजेत. आपल्याकडे नाशिक, अहिल्यानगर, पुणे या भागांत असे बियाण्याचे कांदे होतात. गोंड्यांवर कीड पडेल या भीतीने भर फुलोऱ्यात औषधे फवारली, म्हणजे किडीबरोबर मधमाश्याही मरतात. गोंडे पांढरेशुभ्र फुललेले दिसतात, पण त्यांत बी भरत नाही. हा अनुभव आपल्या शेतकऱ्यांनी घेतलेला आहे. हिमाचल प्रदेशात सफरचंदाच्या बागांचे मालक बहराच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून बागेत ठेवतात. मध मिळावा हा त्यांचा मुख्य हेतू नसतो. सफरचंदे धरावी, एवढ्यासाठी ते भाडे भरतात.

महाराष्ट्रात मधमाश्यांच्या मुख्यतः चार जाती आढळतात. सर्वांत मोठी आग्या. ती उंच झाडाच्या फांदीला, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच भले मोठे पोळे उघड्यावर बांधते. आग्या मोहोळ हे नाव ऐकताच आपल्या अंगावर काटा उभा राहतो. दुसरी सातेरी, हिलाच काही ठिकाणी सातपुडी म्हणतात. झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत ती एकापुढे एक अशी अनेक पोळी बांधते. ती अंधारात राहणारी असल्यामुळे लाकडी पेटीतही सुखाने नांदते. तिसरी फुलोरी. झुडपाच्या काटकीला तळहाताएवढे नाजूक पोळे दिसले, तर ते तिचे समजावे. चौथी अगदी चिमुकली, नांगी नसलेली. तिला पोया म्हणतात. जुन्या भिंतीच्या भेगेतून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली दिसली, तर ते तिच्या घराचे दार होय.

पोळ्यातील व्यवस्था पाहून मन थक्क होते. एक राणी, थोडे नर आणि बाकी सर्व कामकरी माश्या. अंडी घालणे हे राणीचे काम. इतर सर्व कामे कामकरी माश्यांची. हंगामात कामकरी माशीचे आयुष्य अवघे सहा-सात आठवड्यांचे. तेवढ्यात ती आरंभी पोळ्याची झाडलोट करते, मग पिलांना भरविते, मेण काढून घरे बांधते, दाराशी पहारा करते आणि शेवटचे काही आठवडे बाहेर हिंडून मकरंद आणते. पातळ मकरंदातील पाणी पंखांच्या वाऱ्याने आटवून सुमारे एक-पंचमांशावर आणावे लागते, तेव्हा त्याचा मध होतो.

परंतु सर्वांत नवल आहे ते तिच्या नाचाचे. एखाद्या माशीला दूरवर बहरलेले जांभळाचे झाड सापडले, तर ती परत येऊन उभ्या पोळ्यावर नाच करते. मध्ये एका सरळ रेषेत अंग थरथरवीत ती चालते, उजवीकडून वळसा घेऊन आरंभीच्या जागी येते, पुन्हा त्याच रेषेत थरथरत जाते आणि या वेळी डावीकडून वळते. या सरळ रेषेत सारा निरोप असतो. आपण नकाशात वरच्या बाजूला उत्तर मानतो, तशी ती वरच्या बाजूला सूर्य मानते. रेषा सरळ वर गेली, तर त्याचा अर्थ 'सूर्याच्या दिशेने जा'. रेषा उजवीकडे जितकी कललेली, तितके सूर्याच्या उजवीकडे जावयाचे. थरथरत चालणे जितका वेळ चालेल, तितके झाड दूर. सातेरीच्या ढोलीत तर मिट्ट काळोख असतो. इतर माश्या नाचणारीच्या अंगाला अंग लावून हा निरोप समजून घेतात आणि नेमक्या त्या झाडाकडे निघतात. ही भाषा उलगडून दाखविणारे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली दोन सहकारी शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढ्या गुणी प्राण्याशी आपण कसे वागतो, हे सांगताना मला प्रथम माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

१९९८ साली मी एका खेड्यातील शाळेत मुख्याध्यापक होतो. शाळेच्या पाण्याच्या टाकीखाली कार्तिकात आग्या मोहोळ बसले. फाल्गुनात वार्षिक परीक्षा जवळ आली, तशी मला मुलांची काळजी वाटू लागली. कोणी दगड मारला तर? एके रात्री मी दोन माणसांकरवी पेटत्या पलित्यांनी ते मोहोळ जाळविले. सकाळी टाकीखाली मेलेल्या माश्यांचा ढीग पडला होता. शिपायाने तो दोन घमेली भरून उचलला. मला हायसे वाटले, हे मी लपवीत नाही.

शाळेच्या बागेत सातवीच्या मुलांनी भोपळ्याचे वेल लावले होते. पंधरा-वीस दिवसांनी त्या वर्गातील एक मुलगी माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "सर, फुलं रोज येतात, पण भोपळा एकही धरत नाही. सगळे गळून पडतात." उन्हाळ्यामुळे तसे होत असेल, असे मी तिला सांगितले, आणि कडक उन्हाने भोपळ्याला नरफुले अधिक येतात, हेही खरे आहे. पण तिचे समाधान झाले नाही. विज्ञानाच्या शिक्षकांना विचारून तिने व तिच्या मैत्रिणींनी दुसऱ्या दिवसापासून एक प्रयोग आरंभिला. सकाळी सातच्या आत नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढावयाच्या, आतील पराग मादीफुलाच्या कुक्षीवर हळूच टेकवावयाचे आणि त्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधावयाचा. आठ फुलांना दोरे बांधले गेले. त्यांतील पाच फळे धरली. दोरा नसलेली सगळी गळाली. वेल तेच, ऊन तेच; उणीव होती ती फक्त पराग नेऊन पोचविणाऱ्याची. मोहोळ जाळल्यामुळेच हे घडले, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण त्या वर्षी गावात फवारणीही पुष्कळ झाली होती. परंतु लाल दोऱ्याचे ते भोपळे पाहताना मला पलिते आठवत असत.

आग्या मोहोळ मुक्कामाला येते, ते कायमचे राहत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पावसाळा संपला की या माश्या मैदानी मुलखात येतात आणि फुले संपू लागली की आपण होऊन निघून जातात. त्यांना न छेडणे, एवढेच आपले काम. त्या खवळतात त्या धुराने, दगडाने, उग्र वासाने आणि आरडाओरड्याने. गडकिल्ल्यांवर सहलीला गेलेल्या मंडळींवर माश्या तुटून पडल्याच्या बातम्या येतात, त्यांच्या मुळाशी पुष्कळदा कोणीतरी पेटविलेला जाळ असतो. एक माशी चावली की तिच्या नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो वास इतरांना 'येथे चावा' असे सांगतो. म्हणून माशी चावल्यास हात झाडीत उभे राहू नये. तोंड व डोळे कापडाने झाकावे, धावत जाऊन घरात किंवा गाडीत शिरावे आणि रुतलेली नांगी नखाने लगेच खरवडून काढावी. पुष्कळ दंश झाले असतील, किंवा श्वास लागत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

जाळण्यापेक्षाही मोठे संकट फवारणीचे आहे. शेतकऱ्याला कीड मारावी लागते, यात त्याचा दोष नाही. परंतु पीक फुलावर असताना शक्यतो फवारू नये आणि फवारणे भागच असेल तर सूर्यास्तानंतर, माश्या घरी परतल्यावर फवारावे, हे तुम्ही घरी सांगू शकता. दुपारी फवारलेले विष माशी परागाबरोबर पोळ्यात नेते आणि तेच पिलांना भरविते. रोगांचेही भय असते. १९९१ च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरीच्या पिलांना विषाणूचा एक रोग झाला आणि हजारो पेट्या रिकाम्या पडल्या. शिवाय ढोली असलेले जुने झाड तोडले की सातेरीचे घर गेले. बांधावरील करंज, जांभूळ, शेवगा गेले की तिचे अन्न गेले.

मध काढावयाचा, तर माशी मारलीच पाहिजे असे नाही. पूर्वी पोळे पिलांसकट पिळीत असत. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या गृहस्थांनी असे हेरले, की दोन पोळ्यांमध्ये सुमारे सहा ते नऊ मिलिमीटर अंतर ठेवले तर माश्या ती जागा वाटेसाठी मोकळी सोडतात. त्यावरून सुट्या चौकटींची पेटी तयार झाली. १८६५ साली चौकटी गरगर फिरवून मध काढण्याचे यंत्र निघाले. पोळे न मोडता मध बाहेर येऊ लागला आणि रिकामे पोळे माश्यांना परत देता आले. महाबळेश्वरच्या परिसरात कित्येक कुटुंबे अशा पेट्यांतून सातेरी पाळतात. तेथील मांघर हे गाव २०२२ पासून 'मधाचे गाव' म्हणून ओळखले जाते. पुण्यास १९६२ पासून मधमाश्यांच्या संशोधनाची व शिक्षणाची केंद्रीय संस्था आहे.

पेटी पाळणे सर्वांना जमेलच असे नाही. पण उन्हाळ्यात एका पसरट थाळीत खडे घालून त्यांच्या माथ्याखाली राहील एवढे पाणी ठेवणे कोणालाही जमेल. खडे कशाला? माशीला पोहता येत नाही. तिला पाणी पिण्यासाठी बसावयास जागा हवी. कुंडीतील कोथिंबीर सगळीच न खुडता थोडी फुलू द्यावी. तुळशीच्या मंजिऱ्या थोड्या दिवस राहू द्याव्या. शेवग्याची फांदी लावली, तर दोन वर्षांत घरच्यांना शेंगा आणि माश्यांना फुले मिळतात.

माझ्या त्या शाळेत २००१ साली कार्तिकात पुन्हा टाकीखाली मोहोळ बसले. या वेळी आम्ही टाकीभोवती दूरवर दोरी बांधली, त्या बाजूच्या वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या, रात्रीचा दिवा बंद केला आणि मधल्या सुट्टीत पाळीपाळीने दोन मुले राखणीस ठेवली. परीक्षा पार पडल्या. कोणालाही दंश झाला नाही. चैत्र संपता संपता एका सकाळी पाहतो तो मोहोळ उठून गेलेले! टाकीच्या तळाशी मेणाचा एक लांबट, पिवळसर पट्टा तेवढा शिल्लक होता. मुलांनी शिडी लावून तो मोजला. दोन हातांहून थोडा अधिक भरला. तो खरवडून काढू का, असे शिपायाने विचारले. मी त्याला राहू दे म्हणालो, कारण या माश्या पुष्कळदा पुढल्या वर्षी त्याच जागी येतात, असे मी वाचले होते. पुढल्या कार्तिकात त्या आल्या.